पाच तासांचा फरक

२५ ऑक्टोबर २०२०, रविवार

दसरा. आज हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे. सासूबाई वैतागल्या — "वेळ का सरकार ठरवते काय?" दोन महिन्यांसाठी डब्लिनला आणलं होतं फेब्रुवारीत, विमानं बंद झाली नि इथेच अडकल्या. आता माझ्या कामाची चौकशी चालते. "तू काय करून राहिली दिवसभर त्या खोलीत?"

सांगितलं. अमेरिकेत प्रत्येक राज्याला दरवर्षी लोकसंख्येप्रमाणे एक कोटा मिळतो. तेवढ्या रोख्यांच्या व्याजावर केंद्र सरकार कर घेत नाही, म्हणून ते कर्ज स्वस्त पडतं. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं बांधणारे आणि छोटे कारखाने काढणारे, दोघांचाही डोळा त्याच कोट्यावर. राज्य अर्ज मागवतं, मार्क देतं, वरून खाली वाटत येतं. कोटा संपला की खालचे हात हलवत परत.

"म्हणजे रेशनच की. अन् तू दुकानदार?"

"नाही हो आई, मी फक्त रांग लावते."

अमेरिकेतल्या एका राज्याच्या अर्जांची ऑनलाइन रांग, इथल्या चेरीवूडच्या ऑफिसातून — म्हणजे सध्या बेडरूममधून. रांगेतल्या लॉरेनचंही सांगितलं. अर्ज कसा भरायचा ते मी ज्यांना व्हिडिओवर शिकवलं त्यांच्यातली ही एक. सत्तरीच्या आसपासची, एका बंद पडलेल्या शाळेत एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या करायच्यात तिला. आईंना हे मात्र लगेच पटलं. "तिला पुढे घे."

तसं घेता येत नाही म्हटलं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

कोजागिरी. ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही, तरी दूध आटवलं. अर्जांची मुदत आज संपली. सगळं सुरळीत. डर्मटचा मेसेज — "ग्रँड जॉब, अनुया." साहेब म्हणून तो खरंच भला माणूस आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

नंदाताईंचा — म्हणजे नणंदेचा — न्यू जर्सीहून दर शनिवारी तीनला फोन येतो. आज दोनलाच आला. आम्ही जेवत होतो, शैलेंद्रने डाव्या हाताने बहिणीचा फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"आज लवकर?" मी विचारलं.

"लवकर कुठे? रोजचीच वेळ. तुमची घड्याळं गेल्या रविवारी मागे गेली, आमची उद्या जातात. मधला आठवडा चारच तासांचा फरक असतो गं. दरवर्षी माझा गोंधळ होतो!"

पाच. मुदतीच्या कोडमध्ये मी पाच लिहिलेत. आमचा सर्व्हर डब्लिनची वेळ धरतो, त्यातून राज्याच्या वेळेसाठी (नंदाताईंचीच वेळ) सरळ पाच तास वजा. दोन्हीकडे घड्याळं पुढेमागे होतात म्हणजे फरक तोच राहणार, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. जन्म पुण्यात गेला, भिंतीवरच्या घड्याळाला सेल बदलण्यापलीकडे कधी हात लावला नाही. कोणाला विचारावंसंही वाटलं नाही!

म्हणजे काल मुदत संपल्यावरही दार तासभर उघडं होतं.

२ नोव्हेंबर, सोमवार

पाहिलं. त्या तासात एकच अर्ज आलाय. पॅकिंगची खोकी बनवणारा कारखाना. आमच्या यंत्रणेत 'वेळेत'.

डर्मटला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवला. माझ्या इथल्या कामाच्या परवान्याचे कागद गेल्याच आठवड्यात गेलेत. दोन वर्षं झाली, आता कंपनीला न बांधलेला परवाना मिळेल. त्यात कंपनीचं पत्र आहे, खाली डर्मटची सही. उन्हाळ्यात टीममधल्या तिघांना काढलं. आत्ता माझी चूक बाहेर आली तर?

खोकीवाल्यांना मार्क कमी पडतील कदाचित. मग प्रश्नच मिटला.

१४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. देवापुढे बसले आणि काय मागायचं तेच सुचेना.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल लागला. कोट्यातला शेवटचा वाटा खोकीवाल्यांना. त्यांच्या खाली पहिलं नाव लॉरेनचं.

एक ओळ होती दुरुस्त करायची. सतरा दिवस हातात होते माझ्या. मी ते कांद्याची भजी तळण्यात आणि आकाशकंदील लावण्यात घालवले.

२४ नोव्हेंबर

लॉरेनची मेल. तक्रार नाही. 'आमचं काही चुकलं का? पुढच्या वेळी सुधारू.' ही बाई मुदतीच्या दिवशी सकाळीच अर्ज भरून मोकळी झाली होती, वर मला थँक्यू लिहिलं होतं.

मी उत्तर पाठवलं. सगळे अर्ज नियमाप्रमाणे तपासले आहेत. हे मी लिहिलं. माझ्या या हातांनी. आतापर्यंत नुसती चूक होती, आज खोटं बोलले.

संध्याकाळी आईंनी नेमकं विचारलं, "त्या बाईला भेटलं का गं?"

"पुढच्या वर्षी भेटेल, आई."

"म्हाताऱ्यांना काय पुढच्या वर्षीचं सांगते?"

मी बटाटे सोलत राहिले. लाज वाटते म्हणजे काय ते चाळिशीला आल्यावर कळतंय.

१५ डिसेंबर

अजूनही होऊ शकतं. राज्याला एकतीस तारखेपर्यंत वाटप बदलता येतं. त्यानंतर लॉरेनने पुन्हा नव्याने रांगेत उभं राहायचं. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग मीटिंग सुरू होते, डर्मट विचारतो, "कागद आले का तुझे?" आणि माझा धीर सुटतो. हल्ली तो हे फारच विचारतो.

शैलेंद्रलाही सांगितलेलं नाही. तो ब्युमॉन्ट हॉस्पिटलमधली ड्यूटी करून येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मास्कचे वळ असतात. त्याच्यापुढे माझं काय मोठं? ही एक सबबच. मला कळतं.

३१ डिसेंबर

नाही सांगितलं.

११ जानेवारी २०२१, सोमवार

लॉरेनची मेल, तिच्या सगळ्या मदतनीसांना आणि आम्हाला. शाळेच्या मालकाने वर्षअखेरपर्यंत वाट पाहिली, आता इमारत दुसऱ्याला विकली. पाडून गोदाम होणार. खोलीसाठी नाव नोंदवलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती स्वतः एकेकाला फोन करतेय. 'तुम्ही सर्वांनी धीराने मदत केलीत.'

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आईंना कळलं असणार. जेवताना माझ्या पानात तूप जरा जास्त वाढलं.

२८ जानेवारी

परवाना आला. आईंनी शिरा केला. शैलेंद्रने डर्मटलाही परवान्याचा फोटो पाठवायला लावला. मी माझी वाटी तशीच झाकून ठेवली.

आता कोणतीच सबब उरली नाही. सोमवारी सांगायचं. नोकरी गेली तर गेली.

१ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. चेरीवूडच्या बागेत, चालता चालता, दोघांमध्ये दोन मीटर. सगळं — चार तास, पाच तास, खोकी, लॉरेनला लिहिलेलं खोटं.

डर्मट म्हणाला, "मला नोव्हेंबरातच दिसलं होतं. निकालाच्या आदल्या दिवशी. पण तुझे कागद आत होते. वरच्यांना कळलं असतं तर तुला ठेवलं नसतं. म्हणून मीच सही करून निकाल सोडला. आता आले ना कागद? ग्रँड. पुन्हा हा विषय नको."

मी त्याला थँक्यू म्हणाले.