दगडामागची ओल

प्रिय सुधीर,

तुला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत चार ओळीही लिहाव्याशा वाटल्या नाहीत. आज वाटल्या, कारण आज आपल्या घराची पुढची भिंत उघडली.

आठवतंय? ऑफिसने तुला सहा महिने इंग्लंडला पाठवलं आणि तू तिथल्या एका खेड्याच्या प्रेमात पडून आलास. मधाच्या रंगाच्या दगडांची जुनी घरं, दोन हात जाड भिंती, चुन्याने भरलेले सांधे. छपरावरही दगडाचीच कौलं, खाली मोठी, वर लहान होत गेलेली. माझे कधी काढले नाहीस एवढे फोटो तिथल्या खिडक्यांचे काढलेस!

मग इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या आपल्या लाकडी घराला दगड चिकटवायचं खूळ घेतलंस. स्वयंपाकघराची खिडकी निम्मी केलीस, कारण तिकडे खिडक्या लहान असतात. भर दुपारी दिवा लावून पोळ्या लाटल्या मी.

कंत्राटदार बिचारा सांगत होता, दगडामागे पाणी अडवणारा कागद हवाच. तू त्याला हसलास. मला म्हणालास, "तिकडे तीनशे वर्षं कुठला कागद होता? भिंतीला ब्रीद करू दे, यार!" अरे शहाण्या, तिकडे दोन हात दगड होता. आपल्याकडे बोटभर दगड आणि मागे प्लायवूड!

पहिल्याच हिवाळ्यात रियाच्या खोलीत कुबट वास यायला लागला. "तू ओले टॉवेल बेडवर टाकतेस, त्याचा आहे," म्हणालास. तीन वर्षं तेच. पाहुण्यांसमोरसुद्धा. पोरीला खोकला लागला, तरी माझेच टॉवेल! आणि मी मूर्ख, रोज एकेक टॉवेल नाकाला लावून बघायचे.

गेलास त्या सकाळीही दारातून ओरडलास, "वीणा, टॉवेल!" ऑफिसच्या पार्किंगमध्ये तुझं हृदय बंद पडलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला मिळालेला तुझा शेवटचा शब्द कोणता, तर टॉवेल.

आज दगड काढले. मागचं लाकूड हातात कुस्करलं, काळं, बुरशीने भरलेलं. रिया शेजारी उभी होती. म्हणाली, "सो इट वॉज नेव्हर यू, आई." मी रडले नाही. चक्क हसले. तू हवा होतास रे, नुसतं तुझं तोंड बघायला!

कुजलेला तुकडा तुझ्या फोटोपुढे ठेवलाय. आज फूल नाही.

आता ऐक, शब्द देते. घराला बाहेरून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं साइडिंग लावणार, शेजाऱ्यांच्या घरावरचं बघून तू नाक मुरडायचास तेच. खिडकी होती तेवढी मोठी करणार. आणि रोज आंघोळ झाली की ओला टॉवेल बेडवर टाकणार, तुझ्या बाजूला.

तुझीच,
वीणा