त्सोन्का आत्याच्या दोन बरण्या

त्रोयान, १४ जुलै १९८६

चि. बिल्यानास,
अ. उ. आ. तू सोफियाच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर कोम शिखरापासून थेट समुद्रापर्यंत डोंगरधारेने चालणार, आणि सहा जणांच्या दुपारच्या जेवणाची जबाबदारी तुझ्यावर! वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. राखीव रानात चूल पेटवायची नाही म्हणतेस, तर न शिजवता भागेल असंच ने. जाड सालीचा पाव, वाळवलेलं सॉसेज, कांदे, अक्रोड, सूर्यफुलाचा हलवा. चीज फडक्यात बांध आणि दोन दिवसांत संपव.

सोबत ल्युतेनित्साच्या, आपल्या मिरच्यांच्या चटणीच्या, दोन बरण्या पाठवते. मिरच्या मी स्वतः भाजल्यात. पावाला लावा. बरण्या धुऊन परत आण, विसरलीस तर माझ्याशी गाठ आहे.

प्रकृतीस जप. पत्राची वाट पाहते.
तुझी आत्या, त्सोन्का

कोझ्या स्तेनाचं डोंगरघर, २६ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. तुझी ल्युतेनित्सा चौथ्या दिवशीच चाटूनपुसून संपली. रिकाम्या बरण्या मात्र मी अजून पाठीवर वाहते आहे. काचेच्या! सगळे मला बरणीबाई म्हणतात. टाकून दे म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, तुम्ही माझ्या आत्याला ओळखत नाही. मग त्यांनीच त्या पुन्हा माझ्या पिशवीत कोंबल्या. आत्या प्रत्येकालाच असते.

खरी अडचण वेगळीच आहे. परवाच्या गारपिटीत पाव भिजला आणि त्याला बुरशी धरली. आमचे म्होरके दोब्रेव सर, निवृत्त कवायतमास्तर, पहिल्यापासून म्हणताहेत की गरम सूप पोटात गेल्याशिवाय बल्गेरियन माणूस समुद्र गाठत नाही. आज त्यांनी निक्षून सांगितलं, उद्या दुपारी कुणी उपाशी राहिलं तर बेक्लेमेतोच्या खिंडीतून सगळ्यांनी खाली त्रोयानला उतरायचं. मोहीम संपली. माझ्यामुळे, आत्या!

इथे पाव नाही, उकडून वाळवलेला दलिया तेवढा मिळाला. तो पहाटे तुझ्या बरण्यांत गार पाण्यात भिजत घालते. फुगला तर तरलो. हे पत्र खाली उतरणाऱ्या एकाबरोबर देते आहे.

तुझीच, घाबरलेली,
बिल्याना

त्रोयान, २७ जुलै, सकाळ

चि. बिल्यानास,
आशीर्वाद. घाईत लिहिते, खिंडीकडे जाणारा बसवाला खोळंबलाय. पराभव घेऊन माझ्या दारात आलीस तर दार उघडणार नाही. गरम सूप तर सोडूनच दे.

दलिया तू भिजत घातलाच असशील. पाणी उरलं तर ओतून टाक, कोरडा वाटला तर थोडं घाल. बारीक कांदा, अक्रोड, उरलंसुरलं सॉसेज मिसळ. सोबतच्या पुडीत शारेना मीठ दिलंय, मेथी आणि लाल मिरची सढळ हाताने घातलेलं. ते शेवटी. आणि वाढताना तोंड पाडू नकोस, पडल्या चेहऱ्याने वाढलेलं कुणाला गोड लागत नाही.

आत्या

एमिने, ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पोचलो! सहाच्या सहा जण!

खिंडीत बसवाल्याने तुझं पत्र आणि पुडी हातात दिली, तेव्हाच मी झाकण उघडलं. दलिया मस्त फुलला होता. सर पहिला घास कितीतरी वेळ चावत राहिले, मग वाटी पुढे करून आणखी आहे का म्हणाले. खाली उतरायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. त्यानंतर दुकान लागलं तर पाव, नाही लागलं तर बरणीतला दलिया. ज्यांनी मला हसून घेतलं तेच बरण्या पाठीवर घ्यायला भांडायचे.

मंडळाचा रिवाज असा, की समुद्रात आधी म्होरक्याने उतरायचं. काल सर बूट काढून काठावर उभे राहिले आणि मला म्हणाले, आम्हाला पोटाने इथवर आणलं, पाय नुसते मागून आले. तू उतर आधी. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून रडले, लपवत नाही.

एक बरणी शेवटच्या उतारावर फुटली. रागावू नकोस.
तुझी बिल्याना

त्रोयान, १४ ऑगस्ट

चि. बिल्यानास,
अ. उ. आ. बरणीला मार गोळी.

आपल्यात पोरांचं उघड कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. कुणी केलंच तर तीनदा थुंकायचं, हे मीच तुला शिकवलं. काल पावाच्या रांगेत तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, रांग थांबवून. वाचून झाल्यावर शेजारीण थू थू करायला लागली. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, आज थुंकायचं नाही. ही माझी पोर आहे. आज लागू दे दृष्ट.

लोभ मागायला मी परकी नाही. लवकर ये.
आत्या