आईकडून आलेलं

प्रिय धाकटे,

परवा फोनवर मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. ते खोटं होतं. हे पत्र मी तीन दिवस लिहितेय, कारण चार ओळी झाल्या की बोटं आखडतात आणि पेन खाली ठेवावं लागतं. अक्षराला हसू नकोस.

सुरुवात पायांपासून झाली. दुकानात शाळेच्या गणवेशांचं कटिंग चालू होतं, दिवसभर टेबलापाशी उभी. घरी येऊन मोजे काढले तर नडग्यांवर जांभळे ठिपके, जणू कुणी सुईने टोचून ठेवलेत. तुझे भावोजी म्हणाले, ढेकूण असतील. दोघांनी मिळून सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या! आठवड्याभरात ठिपके मांड्यांपर्यंत चढले आणि डावा चवडा उचलेनासा झाला. एकदा रस्ता ओलांडून मागे पाहिलं, तर माझी चप्पल रस्त्याच्या मधोमध पडलेली. पायातून कधी निसटली, मला कळलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र थेट दवाखाना गाठला.

रक्तवाहिन्यांना सूज आहे, असं निघालं. शरीर आपल्याच नसांवर उलटलंय म्हणे. डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइड सुरू केलं, ठिपके विरले, घरात सगळे खूश. मी मात्र दिवसेंदिवस गळत चालले होते. कात्री दोन्ही हातांनी धरावी लागायची. दुपारी झोप नसताना पापण्या खाली यायच्या. एक दिवस मालकांनी हातातलं कापड काढून घेतलं आणि म्हणाले, "ताई, बसा जरा." पंचवीस वर्षांत मला तिथं कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी बसले, आणि मला रडूच आलं. शेवटी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला, तेव्हा दुसरं नाव पुढे आलं: मायटोकाँड्रियाचा आजार. प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक भाग असतात, ते माझे जन्मापासूनच अधू आहेत. इतकी वर्षं कसंबसं निभावलं, सूज आल्यावर उघडं पडलं.

आता स्टेरॉइडची गोळी वाढवली तर स्नायू आणखी दुबळे होतात, कमी केली तर सूज मूत्रपिंडांपर्यंत जाईल अशी भीती. दर पंधरा दिवसांनी लघवी तपासतात. रिपोर्ट येईपर्यंत मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहते. मरणाची एवढी भीती नाही वाटत गं. आंघोळीचा तांब्या उद्या उचलता येईल ना, याची वाटते. न्हाणीघराला आतून कडी लावायची सोडून दिलीय मी.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांबद्दल विचारलं, आणि मला आई आठवली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसणारी. आपण दोघी टाळ्या वाजवून तिला 'बैठी महाराणी' म्हणायचो. बाबा तर पाहुण्यांसमोर आळशी म्हणायचे, आणि तीसुद्धा हसायची. पन्नाशीच्या आतच तिला ऐकू कमी यायला लागलं, तर आपण वैतागून ओरडायचो. ती आळशी नव्हती, धाकटे. तिचं अंगच साथ देत नव्हतं; ऐकू कमी येणंही याच आजारातलं. परवा माझे पाय चेपत तिनं विचारलं, "हे कुठून आलं गं तुला?" मी म्हटलं, "कामाच्या दगदगीनं." तिनं मान हलवली आणि चेपत राहिली. चेपता चेपता तिचे हात दर दोन मिनिटांनी थांबत होते. खरं उत्तर तिला द्यायची माझी छाती झाली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सूज माझी एकटीची आहे, पण दुसरा आजार आईकडून येतो. तिच्या सगळ्या मुलांकडे येऊ शकतो आणि मुलींकडून पुढे. कुणाला जास्त, कुणाला अगदी थोडा, कुणाला आयुष्यभर कळतही नाही. बहिणीला सांगा, असं डॉक्टरीणबाई चार महिन्यांपूर्वीच म्हणाल्या होत्या. मी तीनदा त्यासाठी फोन केला, आणि तीनदा पडद्यांच्या कापडाबद्दल बोलून ठेवून दिला. तुझ्या हसण्यावर हे ओतवेना. मग गेल्या रविवारी तूच लेकीबद्दल म्हणालीस, "पिल्लू हल्ली कुणाचं ऐकतच नाही बघ. वर्गात बाई मागून हाका मारतात तरी ढिम्म!" तू हसलीस, मी मात्र सोमवारी सकाळीच डॉक्टरीणबाईंना गाठलं. धाकटे, ती ऐकत नाही असं नसेल. तिला ऐकू येत नसेल. माझ्या मनाचे खेळ असतील तर देव करो आणि तसंच निघो. पण असलंच, तर या आजारात अपाय करणारी कोणती औषधं तिला द्यायची नाहीत एवढं तरी वेळेत कळेल. येत्या बुधवारी अकरा वाजताची वेळ मी तुम्हा दोघींसाठी घेतलीय. चार महिने गप्प बसले म्हणून मला काय बोलायचं ते बोल, तोंड फिरव, पण तिला घेऊन ये. आणि तोवर तिला रागावू नकोस.

तुझीच, घाबरलेली
ताई