गळ्यात झोपलेलं पात्र

ती. ताईस,

तुझ्या थंडोबाचा बसूनच साष्टांग नमस्कार. (आडवा होऊन घातला असता, पण मागच्या खेपेस तसं केलं तेव्हा पत्र तिथेच राहिलं आणि मी सकाळी उठलो.) तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा, मांजरीची पिल्लं, शेजारणीची कुरकुर, सगळं यथास्थित कळलं. स्वतःबद्दल मात्र तू नेहमीसारखं कागदाच्या कडेला, जागा उरली म्हणून दोन ओळींत उरकलंस: बसल्या बसल्या डोळा लागतो, पंख्याखाली शाल लागते, अंगठी निघेना म्हणून सोनाराकडून कापून घेतली, आणि हे सगळं वयामुळे. त्याकडे मी शेवटी येतो. आधी माझी हकिकत ऐक, कारण माझी नोकरी जाता जाता राहिली आहे आणि त्याचा दोष माझा नसून माझ्या गळ्याचा आहे.

माझं काम तुला माहीतच आहे. विंगेत स्टूल, त्यावर मी, मांडीवर संहिता, झाकलेला दिवा, आणि नट अडला की हळूच पुढचं वाक्य पुरवायचं. प्रेक्षकांना प्रॉम्प्टर असल्याचा पत्ता लागता कामा नये. या हंगामात मात्र सगळ्या गावाला माझा पत्ता लागला. सुरुवात कोर्टाच्या प्रवेशापासून झाली. आमचे न्यायाधीश (हे चहा पितानाही न्यायाधीशच असतात) निकालाशी येऊन अडले आणि माझ्याकडे बघू लागले. मीही त्यांच्याकडे बघू लागलो. वाक्य समोर दिसत होतं, पण डोळ्यांतून जिभेपर्यंत यायला ते पायी निघालं होतं. शेवटी बिचाऱ्यांनी घाबरून आरोपीला निर्दोष सोडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आरोपी हात जोडून निघाला, आणि तेव्हा कुठे विंगेतून माझा आवाज आला, ‘फाशी!’

तेही निभावलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात नायिका मेली. म्हणजे तिसऱ्या अंकात रोजच मरते, पण त्या दिवशी तिच्या छातीवर डोकं ठेवून नायक रडतोय, थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि घोरण्याचा आवाज. घोरलो मी, पण रंगमंचावर झोपलेली तीच असल्यामुळे सगळं तिच्या नावावर गेलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. दिग्दर्शकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हे बघ, आता एक जरी चूक झाली ना, तर तुला तिकीटखिडकीत बसवीन.’ ताई, उभा जन्म त्या स्टुलावर काढला मी. तिकीटखिडकीत बसून मी कुणाला काय सुचवणार? मला खरंच रडू आलं.

घरी ज्याने त्याने आपापलं औषध सांगितलं. तुझी भावजय म्हणाली, कमी जेवा. (कमीच जेवत होतो, तरी शर्टाचं वरचं बटण लागेना.) मुलगी म्हणाली, बाबा, रोज पळा. मी पळायला निघालो आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जागा झालो. अखेर तुझ्या भावजयीनेच मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट मी एकटाच आणायला गेलो, तिथेच घोळ झाला. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या पानावरचा एक आकडा हवा त्याच्या कितीतरी पट जास्त. मला वाटलं, माझी ग्रंथी मरमर राबतेय! घरी येऊन जाहीर केलं की मी आतून फार काम करतो म्हणून बाहेरून दमतो, आता सक्त विश्रांती. रिपोर्ट डॉक्टरीणबाईंना दाखवायला जाईपर्यंत अंथरूण सोडलं नाही. भावजयीने चहासुद्धा उशाशी आणून दिला. (आता त्याचं उट्टं काढते आहे.)

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, ‘अहो, हा आकडा थायरॉइडचा नाहीच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिचा आहे.’ थायरॉइड रक्तात जे हार्मोन सोडते, त्यावर अंगातली सगळी कामं किती वेगाने चालायची ते ठरतं. ते कमी पडलं की पिट्युटरी तिला निरोप धाडते, भरपूर झालं की गप्प बसते. माझी थायरॉइड ढिम्म, म्हणून निरोपावर निरोप. ताई, मी खुर्चीत ताठ झालो. हे तर माझंच काम! नट बोलतोय तोवर गप्प, अडला की कुजबुज, तरी ऐकेना की आवाज चढवायचा. तो मोठा आकडा म्हणजे झोपलेल्या नटाला जीव तोडून हाका मारणारी प्रॉम्प्टर होती, आणि मी तिचंच श्रेय त्या नटाला देऊन आठवडाभर लोळलो. बाकीची मंडळी आपापली भूमिका नीट करतात म्हणे. स्वादुपिंड साखर सांभाळतं, आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या दोन ग्रंथी भीती वाटली की काळीज पळवतात. (दिग्दर्शक दिसले की माझ्या त्या दोघी चोख काम करतात.)

आता सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पहिले काही आठवडे काहीच नाही, मग हळूहळू दिवे लागले. दिग्दर्शकांनी स्टूल माझ्याकडेच ठेवलं आहे. परवा तर न्यायाधीशांनी तक्रार केली, ‘अरे, आधी मला विसरू तर दे!’ अंथरुणाची घडी मात्र मी अजूनही घालत नाही. भावजयीने ती कोणत्या ग्रंथीची चूक म्हणून विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला गोळी नाही.

भाऊजींना नमस्कार, पिल्लांना गोंजार.

तुझा,
थंडोबा

ता. क. हे नाव तूच ठेवलंस, ते परत घे असं लिहिणार होतो. राहू दे. लागलं तर दोघांत वाटून घेऊ.

ता. क. पुन्हा: तुझ्या त्या कडेच्या दोन ओळी मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवल्या. त्यांना वाटलं, मी माझंच सांगतोय. हे दुखणं एका घरात अनेकांना असू शकतं म्हणे. वय नाही, ताई. निदान वयच आहे असं रक्त तपासल्याशिवाय म्हणू नकोस. भाऊजींना कळवलं आहे, रविवारी मी येतो आणि तुला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातो. दुखणं हे रिकामटेकड्यांचं काम, हे तुझं भाषण मला पाठ आहे, प्रॉम्प्ट करायची गरज नाही.

ता. क. शेवटचं: शाळेच्या दिवसांत तू मला उठवायचीस ते आठवतं? आधी हळू, मग जोरात, मग सगळी गल्ली जागी व्हायची, पण मी उठेपर्यंत तू थांबायची नाहीस. तुझ्या डोक्यात बसून तुलाही कुणीतरी तशाच हाका मारत असेल, या विचाराने मला झोप लागत नाही. (मला! झोप!) मीही हाक मारतोय. उठतेस ना?