निळी डबी आणि कलमदान

आई,

तू गेलीस त्याला तेवीस वर्षं झाली, आणि माझ्या उजव्या तळहातावरचा डाग अजून आहे. उलथण्याच्या टोकाएवढा, गुळगुळीत. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा इस्त्रीचा चटका बसला असं मी सांगितलं. तू सांगायला लावलं नव्हतंस. मी आपणहून खोटं बोलले होते.

कॅम्पातल्या त्या इराणी शेठच्या बंगल्यात तू स्वयंपाकाला होतीस. तीन बेकऱ्या, सोड्याचा कारखाना, भाड्याने दिलेल्या इमारती. लोक म्हणायचे, अर्धा कॅम्प त्यांचाच. शेठाणी मात्र दुसरंच सांगायची. तिचे सासरे यझ्दहून आले तेव्हा त्यांच्या डोक्याला खोक होती. तिकडे पोरं त्यांच्या, अग्नी पुजणाऱ्या लोकांच्या मागे दगड घेऊन धावायची, आणि रक्त पुसायला फडकंसुद्धा कुणी देत नसे. हे सांगताना ती वेलदोडे सोलत असायची, निळ्या मिनाकामाच्या एका डबीत टाकत. मी नऊ वर्षांची. "किती छान आहे डबी," मी म्हणाले. तिने ती रिकामी केली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली. "ले जा डिकरी, तुझीच हाय."

मी नाचत तुझ्याकडे आले. तू पोळ्या करते आहेस. "चोरलीस?" "नाही गं, त्यांनी दिली." "दिली म्हणून घ्यायची? भिकाऱ्याची पोर आहेस?" माझं मनगट तुझ्या मुठीत आहे, आणि तव्यावरचं उलथणं तू माझ्या तळहातावर दाबून धरतेस. कातडीचा वास आला. मग केसांना धरून तू मला जेवणघरात फरफटत नेलंस. शेठाणीने डबी परत घेतली. तिचा हात थरथरत होता. डबी परत घेतली, एवढंच मी धरून बसले. श्रीमंतांचं देणं असंच असतं, हा हिशेब मी त्या दिवशी केला आणि पुढे कॉलेजातसुद्धा कधी तपासला नाही.

इथे ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनमधल्या एका ऑफिसात मी इमारतींची डिझाइन्स करते. आमचे मालक तेहरानचे. इथल्या इराण्यांत सगळ्यात श्रीमंत तेच, असं म्हणतात. त्यांच्या वडिलांची कापडाची गिरणी होती. क्रांतीनंतर बंदूकवाले घरात शिरले, वडिलांना अंगणात गुडघ्यांवर बसवलं आणि बंदुकीच्या दस्त्याने तोंडावर मारलं. कारंज्याच्या फरशीवर दात पडले होते, मालक सांगतात, तेही जेवताना, अगदी शांतपणे. गिरणी गेली, घर गेलं. इथे माती खणायच्या एका जुन्या डिगरवर सुरुवात करून त्यांनी पुन्हा सगळं उभं केलं. ऑफिसातल्या इराणी मैत्रिणीने मला दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं, "आमच्यात एखाद्या वस्तूचं कौतुक केलंस की ती तुझीच, असं म्हणतात. घ्यायची नसते हं! तीनदा नको म्हणायचं. मागे इथल्या एका किवी माणसाने खरंच गालिचा गाडीत टाकला होता." आम्ही पोट धरून हसलो होतो. हसता हसता मला शेठाणी आठवली. तुला हे माहीत असणार, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं तू त्या घरात होतीस. मला सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आई. तू ती बोलली नाहीस. लोखंड वापरलंस.

आता माझं ऐक. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, मालकांनी आम्हाला जेवायला बोलावलं. समुद्राकाठचं घर, भिंतभर काचा. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजी. परत येताना मी आरशात पाहिलं तर तिच्या मांडीवर कलमदान. लाखेचं, वर गुलाब आणि बुलबुल रंगवलेलं. बंदूकवाले शिरले त्या दिवशी मालकांच्या आईने कपड्यांत लपवून बाहेर काढलेली ती एकच वस्तू. मी गाडी कडेला घेतली. "ही गेव्ह इट टू मी, आई. आय सेड इट्स प्रिटी, अँड ही गेव्ह इट टू मी." मी मागे वळले आणि उलट्या हाताने मारलं. अंगठी लागून तिचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून पांढऱ्या फ्रॉकवर. तोंडातून मराठीच निघालं. "दिलं म्हणून घ्यायचं?" मग आणखी एक. दुसऱ्या वेळी मला राग नव्हता, हे मी प्रामाणिकपणे तपासून लिहिते आहे. हात आधीच उठला होता, एवढंच.

ती रडली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून, इथे त्याला डेअरी म्हणतात, मी बर्फ आणला. दुकानदार माझ्या अंगठीकडे बघत होता. इथे आता मुलांवर हात उचलणं कायद्याने गुन्हा आहे. सोमवारी शाळेतून फोन आला. "ट्रॅम्पोलिनवरून पडली म्हणाली. ठीक आहे ना आता?" मी म्हणाले, हो. तिला मी काहीच शिकवलं नव्हतं, आई. तिनेही आपणहून सांगितलं.

मंगळवारी कलमदान परत द्यायला गेले. मालकांनी हात मागे घेतले. मी त्यांच्या रीतीने आग्रह केला, एकदा, दोनदा, तीनदा. ते हसले नाहीत. म्हणाले, "ते बोलणं मोठ्या माणसांशी. लहान मुलाशी आम्ही तसं बोलत नाही. लहान मुलाला दिलं की दिलं." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "रडली का ती?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं, आणि त्यामागे मी लपले.

तेव्हापासून शेठाणीचा थरथरणारा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिने डबी खरंच दिली असेल का? नऊ वर्षांच्या मुलीला तू केसांना धरून उभं केलंस, तिचा हात भाजलेला. त्या बाईने काय करायचं होतं? नाही घेतली तर तू पुन्हा मारशील, म्हणून घेतली असेल. तुलाही ते कळलं असेल का? की कळल्यावर सांगायला उशीर झाला होता? तुला माफ करायला मला एखादं कारण हवंय आणि ते सापडलं तर मलाही लागू होईल, हे मला दिसतंय. म्हणून मी ते शोधणार नाही.

कलमदान माझ्या टेबलाच्या खणात आहे. आज रविवार, दुपार. मुलगी भिंतीपलीकडे आहे, मला तिचा पेन्सिलला टोक काढण्याचा आवाज येतो. "तू खरं बोलत होतीस, ते तुझंच आहे, आणि मी चुकले." एवढंच तिला सांगायचंय. मंगळवारपासून पाच दिवस झाले. हे सगळं मी तुला लिहिते आहे कारण तू मान वर करून माझ्याकडे बघणार नाहीस.