ट्रॅम्पोलिनवरचा सूर्य

८ जुलै, सोमवार
शुद्धलेखनाबद्दल आधीच सॉरी. एका बोटाने टाईप करते, तेही हळू. वाचणार मीच, तरी सांगून ठेवलेलं बरं.
नववीत शाळा सोडली. शाळा माझ्यासाठी फार स्लो होती. आता ट्रॅम्पोलिन हॉलमध्ये कामाला आहे. मुलं उड्या मारतात, मी त्यांचे मोजे धुते. आई म्हणते, रविवारपर्यंत मालकांनी पर्मनंट केलं तर ठीक, नाहीतर गुपचूप शाळेत.
निर्णय: पर्मनंट व्हायचं.

९ जुलै
आयडिया!! व्हिडिओ पाहिला. अवकाश आणि काळ मिळून एक ताणलेलं कापड असतं. मध्ये सूर्य बसला की खड्डा पडतो, ग्रह त्याच्याभोवती फिरतात. अरे, हे तर आमचं ट्रॅम्पोलिन! विश्व लवचीक आहे आणि मी ते रोज झाडते.
रविवारी सायन्स शो करणार, माईकवर. मालकांना मेसेज केला. ते पलीकडच्याच टेबलावर होते, पण मी लाजाळू नाही, सिलेक्टिव्ह आहे. अंगठा आला.

११ जुलै
सूर्य वजनदार हवा. मालकांचे मेहुणे परफेक्ट. तिकीटवाल्या मावशींना हळूच विचारायला सांगितलं. त्या हॉलभर ओरडल्या, अहो भाऊ, या पोरीला तुम्ही सूर्य म्हणून हवे आहात! मेहुणे लाजले. घरी मला कुणी काजवासुद्धा म्हणत नाही म्हणे.
रात्री धाकट्या भावाने (नववीत, आगाऊ) शंका काढली. ट्रॅम्पोलिनवर चेंडू खड्ड्यात जातो तो पृथ्वी ओढते म्हणून. मग ओढ समजावायला ओढच वापरतेस होय? आणि तुझी जाळी फ्रेमला बांधलीय, अवकाश कशाला बांधलंय? मी म्हटलं, गप जेव. वाद तिथेच जिंकला.

१३ जुलै
आरशासमोर रिहर्सल. उत्तम. माईक धरला की मात्र आवाज जातो. माईक बदलायला हवा.

१४ जुलै, रविवार
शो झाला.
मेहुणे बसले, मस्त खड्डा पडला. चेंडू सोडले. एकही फिरला नाही, सगळे सरळ मेहुण्यांच्या मांडीत. एका चिमुरडीने विचारलं, मग आपण पण सूर्यात पडणार? आणि भोकाड पसरलं. मग सगळ्यांनीच. मी माईकवर हॅलो म्हटलं. पुढचं आठवत नाही. मावशी म्हणतात, पुढचं नव्हतंच.
मेहुणे उठले. खड्डा उठला नाही. लवचीक गोष्ट परत जागेवर यायला हवी ना? म्हणजे एकतर विश्व लवचीक नाही, नाहीतर ट्रॅम्पोलिन गेलं. मालकांना दोन्ही शक्यता मेसेज केल्या. अंगठा नाही.

१५ जुलै
मालक स्वतः आले. बाळ, तुला प्रश्न चांगले पडतात, पण आम्हाला ते परवडत नाहीत, म्हणाले.
म्हणजे माझी बुद्धी मान्य झाली.

१७ जुलै
नववी ब. भावाचाच वर्ग, भावाचाच बाक. खिडकी माझी, म्हणाला.
अवकाश खरंच ताणलं जातं, की ती नुसती बोलायची पद्धत, हे विज्ञानाच्या बाईंना विचारायचं ठरवलं. हात वर केला. अर्धा. बाईंना दिसला नाही.
घरी आले तर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पोपटाने अंडं घातलेलं. म्हणजे इतकी वर्षं ‘तो’ पोपट ही पण नुसती बोलायची पद्धतच.