संग्रहालयाच्या भिंतीवरचा गिलावा

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार (माझी कंबर अजून वाकते म्हणून साष्टांग). तुमच्या कमरेचं कसं आहे? काकूंनी शेक देणं सोडलं नसेल आणि तुम्ही परांचीवर चढणं सोडलं नसेल, असं धरून चालतो.

माझी रखवालदाराची नोकरी झकास चाललीय. नवं कलासंग्रहालय म्हणजे अजब प्रकरण आहे. जिने नाहीतच, नुसता उतार. माणूस विचार करत चालू लागतो आणि विचार संपतो तेव्हा वरच्या मजल्यावर असतो. (परवा मी खाली चहाला निघालो होतो, वर पोचलो.) खिडक्याही नाहीत. उजेड छताच्या फटीतून येतो आणि दिवसभर भिंतीवरून सावकाश उतरत राहतो. माझ्या दालनात एकही चित्र नाही, त्यामुळे मी खुर्चीत बसून उजेडावरच पहारा करतो. आपण जागे आहोत की या इमारतीला पडलेलं स्वप्न आहोत, तेच कधी कधी कळत नाही.

पण काका, समोरची भिंत उघड्या काँक्रीटची. काँक्रीट ओतताना लावलेल्या शटरिंगच्या लाकडी फळ्यांचे वळ तसेच ठेवलेले. गवंड्याच्या घरात वाढलेल्या माणसानं हे रोज किती बघायचं? मला वाटलं, बिचाऱ्यांचे पैसे संपले असतील. म्हणून सुट्टीच्या दिवशी तुमचीच जुनी थापी काढली आणि खालच्या कोपऱ्यात चांगला चौकोनभर गिलावा करून दिला, फुकट. तुम्ही शिकवलात तसाच, हात फिरवला तर घसरावा असा.

संचालकबाई आल्या. ओरडल्या नाहीत. ‘हे कुणी केलं?’ असं इतक्या हळू विचारलं की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. ते वळ मुद्दाम ठेवलेत म्हणे; या दालनात बघायचं तेच. त्या दुपारी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. उजेड तिरपा झाला तशा फळ्यांच्या रेषा, गाठी सगळ्या वर आल्या. भिंतीत झाड झोपलं होतं, काका. फक्त माझ्या चौकोनात काहीच उमटलं नाही. फार वाईट वाटलं.

बाकी सर्व ठीक. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता.क. इमारत आखणारे आर्किटेक्ट सोमवारी येताहेत. तोवर भिंत होती तशी झाली नाही, तर माझी नोकरी गेलीच. बारीक छिन्नी घेऊन लगेच निघा. खालचे वळ न दुखवता काढायला तुमचाच हात हवा. मी प्रयत्न केला, टवकासुद्धा उडत नाही.

पुन्हा ता.क. आपल्या हातचा गिलावा जन्मात निघत नाही, असं तुम्ही आयुष्यभर सांगत आलात, हे मला ठाऊक आहे. तरी या. निघालाच, तर मी कुणाला सांगणार नाही.